आधी फेज, मग मशीन

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी भरात येते आणि चिखली, मेहकर, देऊळगाव राजाच्या पट्ट्यात थ्रेशरची मोडतोडही तेव्हाच सुरू होते. तुटलेल्या शाफ्टच्या जागी नवा वळवून घेणे अवघड नाही, लेथ आता बाजाराच्या बहुतेक गावी आहे. काम अडते ते त्यानंतर. पुली बसवायला शाफ्टवर चावीची खाच लागते आणि ती सरळ, दोन्ही टोकांना एकाच रुंदीची असावी लागते. ग्राइंडर आणि कानस चालवून कोरलेली खाच एखादा हंगाम काढते. मग चावी ढिली पडते, पुली डुलू लागते आणि शाफ्ट पुन्हा दुरुस्तीला येतो. मिलिंग मशीनवर हीच खाच एका बांधणीत, मापात निघते.

बुलढाणा जिल्ह्यात अशा कामांना तोटा नाही. पेरणीयंत्राची स्प्रॉकेट, डाळ मिलचे ब्रॅकेट, मलकापूर-नांदुरा-खामगावच्या जिनिंगमधले झिजलेले भाग, चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणवणाऱ्या खामगावात कारागिरांना लागणारे ठसे, शेगाव आणि मलकापूरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांचे प्रकल्प. यासाठी अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले की भाडे आणि दिवस दोन्ही जातात. म्हणून आयटीआय करून आलेला एखादा तरुण, शेती अवजारे दुरुस्त करणारा मिस्त्री किंवा निवृत्त फिटर घरालगतच्या शेडमध्ये जुने मिलिंग मशीन आणायचा विचार करतो. नव्या मशीनची किंमत घरगुती वर्कशॉपला परवडत नाही, तेव्हा जुनेच बघणे ओघाने आले.

या विचारात पहिला प्रश्न बहुधा असतो, 'केवढ्याला मिळेल?' तो खरे तर शेवटी यायला हवा. दारात वीज कोणती येते हा पहिला प्रश्न. शेडखालची जमीन वजन पेलेल का, हा दुसरा. मशीन त्यानंतर. हा क्रम उलटला की हौसेने आणलेले दोन टन लोखंड ताडपत्रीखाली गंजत पडते, आणि दोन-तीन वर्षांनी भंगाराच्या भावाने जाते.

जुनी मशीन बाजारात येतात कुठून, हे कळले की त्यांची प्रतही कळते. एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळुरूला स्थापन झाली. जर्मनीच्या फ्रिट्झ वर्नरच्या सहकार्याने १९६१ मध्ये तिथेच भारत फ्रिट्झ वर्नर, म्हणजे बीएफडब्ल्यू, उभी राहिली. आजच्या हरियाणातला एचएमटीचा पिंजोर कारखाना १९६३ चा. पुढची तीसेक वर्षे आयटीआय, रेल्वे वर्कशॉप, आयुध निर्माणी आणि खासगी टूलरूममध्ये याच नावांची मिलिंग मशीन उभी होती. एचएमटीचे 'एफएन-टू' म्हटले की जुन्या मशिनिस्टच्या डोळ्यांसमोर ते हिरवट रंगाचे धूड लगेच उभे राहते.

मग संगणकावर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशीन आली. संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती वाढली आणि त्यांनी जसजशी व्हीएमसी घेतली तसतशी हाताने चालणारी मशीन मागच्या भिंतीला लागली. ती निकामी झाली म्हणून बाहेर पडली असे नाही. तासाला किती नग निघतात, या हिशेबात ती मागे पडली. घरगुती वर्कशॉपला हा हिशेब लागू नाही, तिथे दिवसाला चार खाचा पाडायच्या असतात. मोठ्या कारखान्याला नकोसे झालेले मशीन गावाकडे आणखी वीस वर्षे काम देऊ शकते, ते या कारणाने.

बुलढाण्याहून सर्वांत जवळचा मोठा बाजार संभाजीनगरचा, दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाळूज आणि चिकलठाण्यात जुन्या मशीनचे व्यापारी आहेत. पुण्याकडे भोसरी आहे आणि कटर, कोलेट, व्हाइस अशा लहान सामानासाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. दुसरी वाट सरकारी लिलावाची. मलकापूरहून रेल्वेने तासाभरात भुसावळ येते. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, शिवाय भुसावळला रेल्वेचे मोठे वर्कशॉप. सरकारी आस्थापनांचा निकाली माल बराचसा एमएसटीसी या १९६४ पासूनच्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो, रेल्वेचा तिच्या स्वतःच्या पोर्टलवरून. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतली मशीन निर्लेखन झाल्यावर निघतात. विद्यार्थ्यांनी हाताळलेल्या मशीनचे स्केल आणि हँडल खराब असतात, पण बेड पुष्कळदा उत्तम असतो, कारण त्यावर तीन पाळ्यांचे उत्पादन कधी झालेलेच नसते. लिलावात मात्र 'आहे तिथे, आहे तसे' हा नियम असतो. मशीन चालवून दाखवत नाहीत, मुदतीत उचलावे लागते, आणि एका लॉटमध्ये नको असलेली चार मशीनही गळ्यात पडतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने व्यापाऱ्याकडूनच घ्यावे, वीज जोडून चालवून दाखवणाऱ्याकडून. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

भावाचा पाया वजन असतो. व्यापाऱ्याने स्वतः ते मशीन वजनावर उचललेले असण्याची शक्यता मोठी. समजा बिडाचा भंगार भाव किलोला ४० रुपये धरला, तर अडीच टनांच्या मशीनची भंगार किंमतच एक लाख होते. त्यापुढचा जो आकडा सांगितला जातो तो स्थितीचा, नावाचा आणि सोबतच्या सामानाचा. घासाघीस त्या वरच्या भागावर करायची.

मशीन कोणते घ्यावे, यावर मिस्त्री मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष एफएन-टूसारख्या आडव्या किंवा युनिव्हर्सल मशीनचा. युनिव्हर्सल मशीनची मुळे अमेरिकेत, ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउनने १८६१-६२ च्या सुमारास ड्रिलच्या पिळदार खाचा पाडण्यासाठी केलेल्या यंत्रात आहेत. टेबल तिरपे फिरते, आर्बरवर चकतीसारखा कटर बसतो, आणि डिव्हायडिंग हेड जोडले की दाते पाडता येतात. हेडचे प्रमाण बहुतेक वेळा ४० ला १ असते. पेरणीयंत्राचे १७ दात्यांचे स्प्रॉकेट पाडायचे तर दर दात्याला हँडल दोन पूर्ण फेरे आणि १७ भोकांच्या वर्तुळावर आणखी सहा भोके फिरवायचे. ज्याला हे एकदा उमगले त्याला गिअरच्या दुकानाची वाट फारशी धरावी लागत नाही. पण हे मशीन अडीच-तीन टनांच्या घरात जाते आणि मोटर पाच ते साडेसात एचपीची मागते.

दुसरा पक्ष 'एम वन टी आर'चा. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणलेल्या टरेट मशीनची ही देशी वंशावळ. बटाला, लुधियाना, राजकोट इथे ही मशीन आजही बनतात. डोके वळते, रॅम पुढेमागे सरकतो, क्विल खाली येते, म्हणजे ड्रिलिंग, बोअरिंग आणि खाच एकाच मशीनवर. वजन टन-सव्वा टन, मोटर दोन-तीन एचपी. जड काप घ्यायला ते कमी पडते, आडव्या मशीनची ताकद त्यात नाही. तरीही बुलढाण्यातल्या घरगुती शेडसाठी कौल याच बाजूने द्यावा लागतो, आणि त्याचे कारण कापात नसून मोटरच्या एचपीत आहे.

शेपरही विसरू नये. जुना शेपर मिलिंग मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, त्याचे हत्यार एका टोकाचे, ग्राइंडरवर स्वतःच धार लावता येणारे. फक्त चावीच्या खाचा आणि सपाट बाजू एवढेच काम असेल तर शेपर पुरतो. वेळ जास्त लागतो, एवढेच. टेबलावर ठेवायची छोटी मिल-ड्रिल घरच्या एका फेजवर लगेच चालतात, पण ट्रॅक्टरच्या भागांना त्यांची पकड अपुरी पडते.

मशीन बघायला जाताना डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, व्हर्निअर आणि टॉर्च एवढे सामान सोबत असावे. ताज्या रंगावर भाळू नये. रंग खरवडायचा नसतो, टेबल बघायचे असते. टेबलावर ड्रिलची भोके आणि कटरचे ओरखडे दिसले की ते चालवणारा हात कसा होता हे समजते. त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टेबल बहुतेक आयुष्यभर मधल्या एक फुटात पुढेमागे होत असते, म्हणून सरकपट्ट्या मध्यभागी जास्त झिजतात आणि टोकांना जवळपास नव्या राहतात. हे ओळखायची जुनी रीत अशी: टेबल मध्यावर आणावे, प्ले जाईल इतपत गिब, म्हणजे सरकपट्टीतली पाचर, आवळावा आणि मग हँडलने टेबल एका टोकाकडे न्यावे. सगळीकडे सारखे जड फिरले तर झीज बेताची. टोकाकडे जाताना हँडल अडू लागले, दोन्ही हातांचा जोर लावावा लागला, तर मधला भाग पोकळ झाला आहे. असे मशीन गिब आवळून सुधारत नाही. त्याला स्क्रॅपिंग लागते आणि ते काम करणारे हात आता दुर्मीळ आहेत.

लीड स्क्रूचा बॅकलॅशही असाच मध्ये आणि टोकाला मोजून पाहावा. हँडलचा रिकामा फेर चार-सहा रेषांचा असेल तर चिंता नाही, पाव फेरा रिकामा जात असेल तर नट गेला. नट पितळ किंवा गनमेटलमध्ये नवा करून घेता येतो. हल्ली डिजिटल रीडआउटची पट्टी लावून बॅकलॅशचे दुखणे मापापुरते टाळतात, ते योग्यच आहे. मात्र झिजलेल्या सरकपट्ट्यांवर त्याचा काही उपाय नाही.

स्पिंडलच्या आतल्या टेपरवर डायल लावून हाताने फेरा द्यावा. काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या एक-दोन घरांत राहायला हवा. मग स्पिंडलच्या मुळाशी पहार घालून हलकी उचल द्यावी, म्हणजे बेअरिंगची स्थिती कळते. टेपर कोणता हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा व्हर्निअर लावावा. तोंडाशी ४४.४५ मिलिमीटर भरले तर आयएसओ ४०, ३१.७५ भरले तर आयएसओ ३०. ब्रिजपोर्टच्या घराण्यात आर-एटही भेटतो. आयएसओ ४० असेल तर कोलेट चक आणि आर्बर सहज मिळतात. गिअरबॉक्समधला प्रत्येक वेग लावून ऐकावा, एखाद्या वेगाला ठराविक ठेक्यात टकटक आली तर दाता तुटलेला असतो. आर्बर, त्याचा आधाराचा ब्रॅकेट, व्हाइस, डिव्हायडिंग हेड यांतले काय सोबत मिळते ते भाव ठरण्याआधी लिहून घ्यावे. नुसते मशीन घेऊन हे सामान मागून जमवू लागले की खर्च डोईजड होतो.

आता विजेकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे आहे.

जुन्या मिलिंग मशीनच्या नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, तीन फेज असे लिहिलेले असते आणि घरात २३० व्होल्टची एक फेज येते. ग्रामीण महाराष्ट्रात ही दरी मुद्दाम आखलेली आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात महावितरणने गावठाणाची वीज आणि शेतीपंपाची वीज वेगळी करायला सुरुवात केली. कुठे गावठाणाचे फीडर स्वतंत्र झाले, कुठे खास बनावटीची रोहित्रे बसवून तीन फेज बंद असतानाही घरांना एक फेज मिळत राहील अशी सोय झाली. परिणाम असा की गावठाणात दिवसभर वीज असते, आणि शेतवस्तीवर तीन फेज ठराविक तासांपुरतीच, आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. शेड गावात आहे की मळ्यात, यावर मशीनचे भवितव्य ठरते.

मळ्यात पंपाची तीन फेज आहेच, तिच्यावर मशीन लावावे, हा मोह स्वाभाविक आहे. तो आवरावा. शेतीची जोडणी दुसऱ्या कामाला वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय रात्री दोन वाजता येणाऱ्या विजेवर फिरत्या कटरपाशी उभे राहणे धोक्याचेच.

घरच्या एका फेजवर मशीन चालवायचे तर आज सर्वांत चांगले साधन व्हीएफडी. ती एक फेज घेते आणि मोटरला तीन फेज देते. पण साध्या व्हीएफडीतून निघणारी तीन फेज २३० व्होल्टचीच असते, ४१५ ची नव्हे. इथे मोटरच्या जोडणीचा डबा उघडून बघावा लागतो. आत सहा बोल्ट असतात, तीन-तीनच्या दोन ओळींत, आणि त्यांना जोडणाऱ्या पितळेच्या पट्ट्या. एका ओळीतले तिन्ही बोल्ट पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतील तर ती स्टार जोडणी. तीन उभ्या पट्ट्या वरच्या-खालच्या बोल्टांना जोडत असतील तर डेल्टा. आपल्याकडे तीन एचपीपर्यंतच्या मोटर सहसा स्टारमध्ये असतात. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दिले तरी एका कॉइलच्या वाट्याला २४० च्या आसपास येतात. म्हणजे पट्ट्या फिरवून तीच मोटर डेल्टात केली की २३० व्होल्टच्या तीन फेजवर कॉइलला जवळपास तितकाच दाब मिळतो आणि मोटर पूर्ण ताकदीने चालते. एम वन टी आरची दोन-तीन एचपीची मोटर घरच्या विजेवर चालते ती या साध्या गणितामुळे.

पाच एचपीपासून पुढच्या मोटर मात्र मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात बांधलेल्या असतात. त्यांना आणखी खाली आणायला जागा नाही. एफएन-टू घरच्या जोडणीवर अडते ते इथे.

काही जुन्या मोटरच्या डब्यात सहाऐवजी तीनच टोके सापडतात, स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्येच मारलेली असते. मग मोटर उघडून ती गाठ सोडवावी लागते आणि तीन तारा बाहेर काढाव्या लागतात. हे काम करणारा माणूस बुलढाण्यात शोधावा लागत नाही. विहीर-बोअरच्या पंपांमुळे मोटर वाइंडिंगचे दुकान प्रत्येक बाजारगावी आहे. एक फेज गेल्यावर जळालेल्या आणि कंडेन्सर लावून दोन फेजवर रेटलेल्या मोटर या कारागिरांनी वर्षानुवर्षे उघडल्या आहेत. स्टार-डेल्टा त्यांच्या बोटांत आहे. सौर पंपाचा कंट्रोलरही मुळात व्हीएफडीच्याच जातीचा असतो, त्यामुळे या यंत्राचीही त्यांना आता ओळख झाली आहे. मशीनला वीज देण्याचे ज्ञान बाहेरून आणण्याची गरज नाही, ते चिखलीच्या किंवा नांदुऱ्याच्या मुख्य रस्त्यावरच बसलेले आहे. मशीन ठरवण्याआधी नेमप्लेटचा आणि जोडणीच्या डब्याचा फोटो त्याला दाखवला तर पुढचा अर्धा मनस्ताप वाचतो.

व्हीएफडीच्या काही अटी पाळाव्याच लागतात. तिच्या आणि मोटरच्या मध्ये कोणताही स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवायचा नाही. चालू, बंद, उलट-सुलट हे सगळे तिच्या बारीक तारांच्या टर्मिनलवरून करायचे. जुन्या मशीनच्या पॅनेलमध्ये ४१५ वरून ११० व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्हीएफडीच्या वाटेवर राहू दिला तर कॉन्टॅक्टर नुसता गुणगुणतो, ओढत नाही. तो भाग सोडवून बाजूला करावा. फीडची किंवा कूलंटची वेगळी मोटर असेल तर तिला वेगळी व्हीएफडी हवी. वेग कमी करायचा तर आधी गिअर किंवा पट्टा बदलावा. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, फार कमी वारंवारतेवर तो वारा देत नाही आणि मोटर तापते.

मीटरचाही विचार हवा. घरगुती एक फेजचे मीटर सहसा ५-३० अँपिअरचे असते. तीन एचपीची व्हीएफडी पूर्ण भारावर त्यातले वीसहून अधिक अँपिअर ओढू शकते, म्हणजे मशीन चालू असताना गिझर आणि पाण्याची मोटर बंद ठेवावी लागणार. दोन एचपीला हा ताण येत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. एका मोठ्या मोटरला कंडेन्सरने फिरवून तिच्यातून तिसरी फेज काढायची रोटरी कन्व्हर्टरची पद्धत टिकाऊ आहे, पण तीही २३० व्होल्टच देते, ४१५ साठी आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवा. नुसत्या कंडेन्सरवर मोटर फिरते, ताकद मात्र दोन-तृतीयांशाच्या आसपास उरते. मशीनची मोटर काढून एक फेजची बसवणे सोपे आणि स्वस्त, पण एक फेजच्या मोटरचा जोर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि ती थरथर कापलेल्या पृष्ठभागावर उमटते. खाचेला चालेल, ठशाला नाही.

एफएन-टूच घ्यायचे असेल तर सरळ तीन फेजची जोडणी मागावी. व्यवसाय म्हणून काम करणाऱ्यासाठी महावितरणची लघुदाब औद्योगिक वर्गवारी आहे, तिच्यात २० किलोवॅटपर्यंतचा गट वेगळा आहे. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत एक सवलतही राहिली आहे: महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल, आणि जागा मुख्यतः राहण्याची असेल, तर घरगुती दरच लागतो. चालू आदेशातला तो परिच्छेद काढून अर्जासोबत जोडावा, पुढची हुज्जत टळते.

विकत घेतलेले मशीन घरी आणणे हे वेगळे प्रकरण. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाची, त्यात एम वन टी आरसुद्धा घालू नये. त्याला मोठा पिकअप किंवा ४०७ हवी. मिलिंग मशीन वरून जड असते, आणि मलकापूरकडून बुलढाण्याला येताना राजूर घाटाची वळणे आहेत. चढवण्याआधी नी, म्हणजे टेबल पेलणारा भाग, पूर्ण खाली उतरवावी, टेबल मध्यावर आणून लॉक करावे, टरेटचे डोके उलटे फिरवून खाली झुकवावे, म्हणजे भार खाली येतो. उचलताना पट्टा टेबलात किंवा हँडलांत अडकवायचा नाही, आयबोल्ट असेल तर त्यातच. उतरवायला हायड्रा क्रेन बोलावावी. शेडमध्ये ती शिरत नसेल तर पुढचे काम पाइपांवर सरकवत आणि पहारीने नेट देत करायचे. घाई करणाऱ्याला या कामात घेऊ नये. यात पाय सापडला तर तो कायमचा जातो.

जमीन हा बुलढाण्याचा खास प्रश्न. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर ओतलेला कोबा दोन वर्षांत उचलतो आणि मशीनची लेव्हल बिघडते. बुलढाणा, चिखली, मेहकरच्या पठारावर बहुतेक ठिकाणी थोडे खोदले की मुरूम लागतो. काळी माती पूर्ण काढून, मुरूम भरून ठोकून त्यावर सळईचे काँक्रीट घातले की काम झाले. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, काळी खोलवर असते आणि मुरूम हाताशी येत नाही. तिथे मशीनपेक्षा चांगला फूटभर मोठा, जाड, दुहेरी सळईचा सलग स्लॅब हवा, आणि मशीन समायोजनाच्या पॅडवर ठेवावे म्हणजे दर पावसाळ्यानंतर लेव्हल सुधारता येईल. अर्थिंगलाही हाच भूगोल लागू पडतो. पठारावरचा कोरडा खडक करंट नीट जिरू देत नाही, तर खारपाणपट्ट्यात अर्थिंगचा पाइपच गंजून जातो. दोन्हीकडे दरवर्षी तपासणी हवी.

मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बऱ्याच व्हीएफडींची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच ग्राह्य असते, म्हणून एक माप मोठी घ्यावी आणि भिंतीवर सावलीत, धूळ आणि सरकीचे तंतू शिरणार नाहीत अशा पेटीत, पंख्यासह बसवावी. पावसाळ्यात उघड्या सरकपट्ट्यांवर एका रात्रीत गंज चढतो. ६८ नंबरच्या तेलाचा हात रोज संध्याकाळी फिरवावा.

या सगळ्या खर्चाला एकट्याने तोंड द्यायचे का, हाही विचार करण्याजोगा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत तंत्रज्ञान शिकावे हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरची पहिली. तिथे यंत्रे सामायिक आहेत आणि गावातल्या गरजेतून निघालेली कामे त्यांवर होतात. बुलढाण्यात याची सुरुवात नव्या इमारतीशिवाय होऊ शकते. ज्या आयटीआयमध्ये मशिनिस्ट किंवा टर्नरचा वर्ग आहे तिथली मिलिंग मशीन वर्ग सुटल्यावर बंद असतात. त्यांना तीन फेजची जोडणी आहे, पाया आहे, डिव्हायडिंग हेड आहे आणि शिकवणारा निदेशकही आहे. माजी विद्यार्थ्यांना आणि नोंदणीकृत लघुउद्योजकांना ती संध्याकाळी ताशी दराने, निदेशकाच्या देखरेखीखाली वापरू दिली तर चार हंगाम काम करून बघता येईल, आणि स्वतःचे मशीन घ्यायचे की नाही, घ्यायचे तर किती एचपीचे, हे त्यावरूनच ठरवता येईल.